चुकून दिलेले धन आणि घेणाऱ्याचे ऋण

निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ कन्हेरीच्या मारुतीपुढे फोडण्याची पवार कुटुंबाची प्रथा साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. परंतु त्याच गावातील एखाद्या अपंग मनुष्याच्या हाती जेव्हा बारामतीच्या तहसील कचेरीची वसुलीची नोटीस पडते, तेव्हा जो प्रश्न उभा राहतो तो राजकारणाचा नसून धर्माचा आहे, असे मला वाटते.

संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून चालू आहे. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत, या दोन अटींवर दिव्यांगास 2023 पासून दरमहा दीड हजार रुपये मिळत असत. 2025 मध्ये ती रक्कम अडीच हजार झाली. आता समजा, मुलगा कारखान्यावर कामाला लागला, उत्पन्नाची मर्यादा ओलांडली गेली, हयातीचा दाखला मात्र दरवर्षी बिनबोभाट स्वीकारला गेला, आणि दोन वर्षांनी फेरतपासणीत छत्तीस हजार रुपये वसूलपात्र ठरले. त्या मनुष्याचे पासबुक उघडून पाहावे. ज्या तारखेस जमा, त्याच्या दुसऱ्या दिवशी नावे. शिल्लक शंभराच्या आतबाहेर. ते धन ज्वारी, औषधे, कुबडीचा झिजलेला रबरी बूच आणि दवाखान्यापर्यंतचे रिक्षाभाडे होऊन केव्हाच संपलेले असते.

हे ऋण आहे काय? आपल्या धर्मशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. दिलेले दान केव्हा परत मागता येते, हा व्यवहाराच्या अठरा पदांपैकी एक विषय; आणि नारदस्मृतीचा निर्णय असा की भयाने, शोकाने, कपटाला बळी पडून किंवा अपात्रास पात्र समजून अज्ञानाने जे दिले गेले, ते दिलेच नाही असे मानावे. 1872 च्या करार कायद्याचे बहात्तरावे कलमही चुकीने मिळालेले धन परत करण्यास सांगते. तेव्हा सरकारचा दावा निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. खजिना अखेर रयतेचा आहे, आणि त्यातील प्रत्येक रुपयावर रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या एखाद्या आंधळ्या-पांगळ्याचा हक्क आहे.

तथापि, नारदाच्या वचनातील अज्ञान हे दात्याचे अज्ञान आहे, आणि माझ्या मते सगळी मेख येथेच आहे. ज्याच्यापाशी तलाठी आहे, अव्वल कारकून आहे, दाखले आहेत आणि दप्तर आहे, त्या दात्याने न तपासण्याला अज्ञान म्हणावे, आणि ज्याला अटींचा कागद कोणी कधी वाचूनही दाखविला नाही, त्याच्या न कळण्याला मात्र अपराध म्हणावे, हे कोणत्या न्यायात बसते? ज्याने जाणूनबुजून उत्पन्न लपविले, त्याची गोष्ट निराळी. त्याच्याकडून हप्त्याहप्त्याने का होईना, वसुली व्हावी.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा या संदर्भात मला वारंवार आठवते. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारे लोकांस खुली केली, आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बेदरला जाऊन मोहरा भरल्या व पावती घेतली, अशी परंपरा सांगते. कीर्तनकार देवाच्या या धावून येण्याचे वर्णन रंगवून करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु बादशहाने जाब विचारला तो आपल्या अंमलदारास, ज्यांनी ते धान्य खाल्ले त्या भुकेल्यांस नव्हे, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हिशेब खोटा आहे असे त्या कथेत देवही म्हणत नाही. तो मात्र कोठाराची किल्ली ज्याच्या हाती होती त्याच्याच नावावर मांडला जातो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये रफिक मसीह यांच्या प्रकरणात जवळपास याच वळणाचा विवेक केला. वर्ग तीन व चारचे कर्मचारी, सेवानिवृत्त झालेले, पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळत आलेले, अशांकडून वसुली करू नये, आणि जेथे ती घेणाऱ्यावर अन्यायकारक व कठोर ठरेल तेथेही करू नये, असा त्या निर्णयाचा आशय आहे. तो पगारदारांविषयीचा आहे. ज्याला पगारही नाही, निवृत्तीही नाही आणि ज्याच्यासाठी उभी राहील अशी संघटनाही नाही, त्या निराधाराकरिता हाच विवेक शासनाने लेखी आदेशाने लागू करावा: अपात्रता आढळल्यास पुढील अनुदान थांबवावे, लबाडी नसल्यास मागील रक्कम निर्लेखित करावी, आणि नोटीस काढण्यापूर्वी तहसीलदाराने त्या मनुष्यास समोर बसवून, त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे.