आजीला विचारा

पुस्तकात १९७२चा दुष्काळ म्हणजे सनावळीतली एक नोंद. पण नातवानं वही उघडून "आजी, तेव्हा तुम्ही काय खायचात गं?" असं विचारलं, की तोच दुष्काळ घरात बोलू लागतो. दुष्काळी कामावर फोडलेली खडी, तळहाताला आलेले फोड, पोरांना मिळालेली सुकडी, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी... आजी सांगत जाते, नातू लिहीत जातो. मध्येच न तोडता ऐकायचं कसं, हे तो शिकतो. आपलं घर कुणाच्या कष्टांवर उभं राहिलं, हेही त्याला उमगतं. आणि आपलं सोसणं कुणीतरी विचारलं, याचं आजीला समाधान लाभतं. तो दुष्काळ सोसलेली माणसं आहेत तोवरच हे विचारता येतं. म्हणून येत्या रविवारी मुलांच्या हाती वही द्या आणि त्यांना आजी-आजोबांजवळ बसवा.