पाचवं कारण

"सर, देवावर एवढा भरवसा आहे, तर अर्ध्या तासाचं इंधन जास्तीचं कशाला?" सोनेगावच्या विमानतळावर माझ्याकडे विमान उडवायला शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला विचारलं. सकाळी तो टेकडी गणपतीला जाऊन आला होता. मीही जातो, म्हणून प्रश्न माझ्याही श्रद्धेचा होता.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधन, चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवं दैव. दैव नाकारलेलं नाही, पण त्याच्या आधी चौघे उभे आहेत. सेस्ना १५२ च्या टाकीत डिपस्टिक बुडवून पाहणं, कारण इंधनाच्या काट्यावर विसंबता येत नाही; तळातून थोडं निळं अ‍ॅव्हगॅस पेल्यात काढून त्यात पाणी नाही ना हे बघणं, ही झाली चेष्टा. ती सोडून दैवाला हाक मारणं ही मला भक्ती वाटत नाही.

दिवसा उडताना मुक्कामी पोचल्यावरही तीस मिनिटांचं इंधन शिल्लक हवं, रात्री पंचेचाळीस, असा नियम आहे. या विमानात तीस मिनिटं म्हणजे दहा-बारा लिटर. इंधन किलोमीटरवर नाही, घड्याळावर जळतं. समोरून वारा आला की तोच गाव लांब जातो, आणि वारा माझ्या हातात नाही. ते दहा-बारा लिटर म्हणजे दैवाला दिलेला मान आहे.

२५ जुलै २०२२ ला बारामतीहून एकटीच निघालेली एक शिकाऊ वैमानिक इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात उतरली. विमान मोडलं, ती किरकोळ जखमांवर वाचली. देवाची कृपा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. मात्र गीतेचे टीकाकार अधिष्ठान म्हणजे शरीर म्हणतात, तिथे मला ते शेतही दिसतं.

आणि चारही कारणं चोख असूनही कुणी वाचत नाही, तेव्हा त्याच्या घरच्यांसमोर चुका शोधत बसू नये. पाचवं कारण त्यांच्यासाठी राखलेलं आहे. कोरड्या टाकीसाठी मी ते कुणाला वापरू देणार नाही.

विद्यार्थ्याने तो प्रश्न विचारला त्याच दिवशी, उडताना वर्धा रोडपलीकडे मी थ्रॉटल मागे घेतला आणि म्हटलं, "इंजिन गेलं. शेत निवड." त्याने वेग साठ नॉटवर धरला, सोयाबीन निघालेलं मोकळं रान दाखवलं. मधून जाणाऱ्या विजेच्या तारा त्याला दिसल्या नव्हत्या. मी त्या दाखवल्या, थ्रॉटल पुढे केला आणि दुसरं शेत शोधायला सांगितलं.