वगळलेली चाचणी आणि अभावाचे ज्ञान

युनिट चाचणी प्रोग्रामच्या एका छोट्या भागाला नेमका प्रश्न विचारते. मात्र प्रत्येक प्रश्न प्रत्येक यंत्रावर विचारता येत नाही. लिनक्सच्या फाइल-परवानग्या तपासणारी चाचणी विंडोजवर निरर्थक ठरते. अशा वेळी पायटेस्ट या चाचणी-साधनातले ‘स्किपइफ’ किंवा जेयुनिट ५ या साधनातले ‘डिसेबल्डऑनओएस’ वापरून ती वगळता येते. मग अहवालात ती पासही नसते आणि नापासही नसते. या न विचारलेल्या प्रश्नातून काही कळले, असे मानायचे का?

न दिसण्यातून काय कळते, याचा विचार भारतीय तत्त्वज्ञानातील मीमांसकांनी फार बारकाईने केला आहे. कुमारिल भट्टांची परंपरा आणि अद्वैत वेदान्त अनुपलब्धी, म्हणजे न दिसणे, हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानतात. प्राभाकर मीमांसकांना ते मान्य नाही. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तो तिथे नाही हे कळते. पण त्यासाठी योग्यता लागते, म्हणजे घट असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिती हवी. अंधारात घट न दिसल्याने त्याचा अभाव सिद्ध होत नाही.

चाचण्यांनाही हाच निकष लागतो. चाललेल्या चाचणीतूनसुद्धा फार थोडे सिद्ध होते; चाचणीने दोषांचे अस्तित्व दाखवता येते, अभाव नाही, असे संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी बजावून ठेवले आहे. वगळलेल्या चाचणीत तर दिवाच लावलेला नसतो. असे असूनही सगळ्या चाचण्या वगळल्या गेल्या, तरी पायटेस्ट यशाचाच शून्य कोड परत करते आणि बिल्ड हिरवी दिसते.

कारण नोंदवून वगळणे हे अज्ञान उघड मान्य करणे आहे, त्यात खोटेपणा नाही. ‘टेस्ट’ हा उपसर्ग काढून नाव बदलले, की पायटेस्टच्या नेहमीच्या मांडणीत ती चाचणी गोळाच होत नाही आणि अहवालात तिची खूणही उरत नाही. सर्वांत वाईट प्रकार वरवर निरुपद्रवी वाटतो. चाचणीच्या पहिल्याच ओळीत अट तपासून ‘रिटर्न’ केले, तर एकही असर्ट न चालता ती पास म्हणून मोजली जाते. हे सरळ असत्य आहे. ज्ञात दोषासाठी ‘एक्सफेल’ ही अपयश अपेक्षित असल्याची खूण अधिक प्रामाणिक आहे, कारण चाचणी चालते आणि ‘स्ट्रिक्ट’ लावले असेल तर अनपेक्षित यशही अपयश म्हणून पुढे येते.

हिरव्या बिल्डवर विसंबून रिलीजला मंजुरी देणाऱ्याने वगळलेल्या चाचण्यांची यादी कारणांसकट आधी वाचावी.