थोरांची घरे

थोर पुरुषांची घरे जतन करून ती लोकांस पाहावयास खुली करावीत, हा परिपाठ आपल्याकडे तसा अलीकडचाच. देवळे आपण राखीत आलो, समाध्या राखीत आलो. परंतु एखादा मनुष्य जेथे जेवला, निजला, तापाने फणफणला, ती जागा अनोळखी लोकांनी रांगेने पाहून जावी, ही कल्पना आपल्या पणजोबांस चमत्कारिकच वाटली असती. तिकडे इंग्लंडात शेक्सपिअरचे जन्मघर लोकांनी वर्गणी जमवून १८४७ सालीच विकत घेतले होते. असो. अशा घरात गेल्यावर आपण नेमके काय करावयाचे, हे मात्र मला बरीच वर्षे उमगले नव्हते. पायांतील वहाणा काढाव्यात की नाही, येथपासून.

पुण्यात जोतीराव फुले यांच्या वाड्यात ही अडचण येत नाही. आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी १८६८ साली अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. तेथे घर आणि कार्य ही दोन नव्हेतच. आमच्या सोलापुरातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या घराची गोष्ट निराळी. १० ऑक्टोबर १९१० रोजी या गावी जन्मलेले हे डॉक्टर, १९३८ साली काँग्रेसने चीनला धाडलेल्या पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून गेले, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या सैन्यातील जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघे बत्तीस वर्षांचे असता, तेथेच वारले. पथकातील बाकीचे चौघे स्वदेशी परतले. हे परतले नाहीत. तेव्हा भैय्या चौकातील हे घर जे जपते ते त्यांचे कार्य नव्हे. त्यांनी जे मागे टाकले ते होय.

मागे एकदा विद्यार्थ्यांस घेऊन तेथे गेलो होतो. भिंतीवरील छायाचित्रे पाहत असता मी सवयीप्रमाणे सांगून गेलो, की वडील निवर्तल्याची वार्ता डॉक्टरांस चीनमध्ये कळली, तरीही ते माघारी आले नाहीत. त्यावर एका मुलाने विचारले, ‘‘सर, हे बरोबर होते का?’’ मी म्हणालो, की गेलेला मनुष्य परत येणार नव्हता आणि जखमी तर समोर विव्हळत होते. उत्तर खोटे नव्हते. परंतु ते व्यासपीठावरचे उत्तर होते, आणि आम्ही उभे होतो एका कुटुंबाच्या राहत्या घरात.

विल्यम गॉडविनने १७९३ साली असाच पेच घातला होता. आग लागलेल्या वाड्यात बिशप फेनेलाँ आणि त्याची मोलकरीण सापडले असून एकासच वाचविता येत असेल, तर ज्याच्या जगण्याने अनेकांचे कल्याण होईल त्या फेनेलाँसच वाचवावे, मग ती मोलकरीण तुमची आई का असेना, असा त्याचा निवाडा. लोक खवळले. पुढील आवृत्तीत त्याने मोलकरणीचा नोकर केला, आईच्या ठिकाणी बाप आणि भाऊ आणून बसविले; हिशेब मात्र तोच ठेवला. मला हा हिशेब कधीच पटला नाही. तो चुकीचा म्हणून नव्हे. तो पुरा झाल्यावर काहीच बाकी उरत नाही म्हणून. कोटणीसांनी केले ते योग्यच केले, असे माझे मत आहे. पण योग्य कृत्याने घरच्यांचे ऋण फिटत नाही. ते फेडावयाचे राहून जाते, आणि कोणाला तरी ते सोसावे लागते. येथे ते कोणी सोसले? ज्यांनी दाराशी येणाऱ्या टपालाची वाट पाहिली, त्यांनी. चीनमध्ये ग्वो चिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह १९४१ साली झाला होता. ते वारले तेव्हा मुलगा काही महिन्यांचाच होता. त्याचे नाव यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन. तोही १९६७ साली, ऐन तारुण्यात गेला. ती माउली मात्र २०१२ सालापर्यंत जगली.

पुतळ्यापुढे उभे राहून हे प्रश्न सुचत नाहीत. पुतळा एकट्याचा असतो. त्याला माजघर नसते. शांतारामबापूंनी १९४६ साली डॉक्टरांवर काढलेला बोलपट पाहतानाही डोळे भरून येतात, पण मनुष्य शंका विचारीत नाही. घरात शिरले म्हणजे मात्र, येथे आणखी कोण राहत होते, हे मनात आल्याखेरीज राहत नाही. आणि बहुतेक संग्रहालयांत त्याचेच उत्तर सर्वांत त्रोटक असते. थोर पुरुषाच्या जन्मतारखेचा फलक ठसठशीत असतो. त्याला वाढविणाऱ्या हातांची माहिती ओळ-दोन ओळींत आटोपते.

त्या मुलाचे पुढे शिक्षण संपले, तो नोकरीनिमित्त परगावी गेला. त्याचे वृद्ध आईवडील येथेच असतात. गेल्या दिवाळीत तो मला भेटावयास आला, तेव्हा मी होऊन तो विषय काढला. तो हसला आणि म्हणाला, ‘‘सर, तेव्हा मी डॉक्टरांविषयी विचारले होते.’’