पावलांखालचं शहर

खुर्चीवर बसा, नाहीतर जमिनीवर मांडी घाला. पाय अनवाणी असतील तर बरं. तळव्याला, घोट्याला जिथे जिथे जमीन लागते आहे, तिकडे थोडा वेळ लक्ष असू द्या. गार फरशी असेल, चटईचा खरखरीतपणा असेल. त्याचं काही करायचं नाही. श्वास त्याच्या त्याच्या लयीत चालू द्या.

आता माझ्याबरोबर जपानमधल्या ओकायामाला चला.

पुणेकरांना हे नाव ओळखीचं आहे. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामातल्या कोराकुएन या तीनशे वर्षांहून जुन्या बागेच्या धर्तीवर ते उभारलं आहे. मुलांच्या सहली घेऊन मी तिथे कितीदा तरी गेले आहे. म्हणून शिक्षकांच्या सांस्कृतिक देवाणघेवाणीत जपानला जायचं ठरलं, तेव्हा मूळ बाग पाहण्याची फार ओढ होती. बाग पाहिली, सुंदरच आहे. पण आज मला तुम्हाला बागेत न्यायचं नाही. स्टेशनाबाहेर, ट्रामची घंटा ऐकू येते तिथे, पदपथावर उभं करायचं आहे.

खाली पाहू नका. डोळे मिटा आणि बुटाच्या तळातून काय कळतं ते बघा. लांबट उंचवटे, एकमेकांना समांतर. त्यांच्या दिशेनं चाला. चार पावलं, पाच पावलं, सावकाश. आता लांबट उंचवटे संपले आणि गोल गोल टेंगळं लागली. थांबा. पुढे रस्ता आहे.

इथेच थांबून राहू या.

या पिवळ्या लाद्या मुंबईच्या फलाटांवर, मेट्रोच्या स्थानकांत, नव्या पदपथांवर आपण रोज पाहतो. त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या याच ओकायामात, १८ मार्च १९६७ रोजी, अंधशाळेजवळच्या एका चौकात. सेइइची मियाके या ओकायामाच्या गृहस्थांनी त्या १९६५ मध्ये तयार केल्या. त्यांच्या एका मित्राची दृष्टी जात चालली होती. मियाके यांनी पदरचे पैसे घालून हे काम केलं. आज जगभरच्या शहरांत त्या लाद्या आहेत. लांबट रेघा म्हणजे चाला, गोल ठिपके म्हणजे सावध. रंग पिवळा, कारण ज्यांना अंधुक दिसतं त्यांनाही तो उठून दिसतो.

एका मित्राची काळजी वाटली, आणि ती काळजी रस्त्यात उतरली. हे वाक्य श्वासाबरोबर एकदा आत घ्या. घाई नाही.

  

मग तोक्योचं शिंजुकू स्थानक. जगातलं सर्वांत गजबजलेलं, बाहेर पडायच्या वाटाच दोनशेच्या आसपास. त्या गर्दीत उभे आहात अशी कल्पना करा. चारी बाजूंनी बुटांचा आवाज आणि कुणाचाही धक्का नाही. छातीत काय होतं? माझ्या छातीत भीती होती. तुम्हीही कधी एखाद्या मोठ्या शहरात असे बावरला असाल. तो दिवस आठवा. तेव्हा तुमच्यासाठी कुणी पाऊल हळू केलं होतं? चेहरा आठवत नसेल तर नुसता हात आठवा, वाट दाखवणारा.

मी त्या दिवशी खाली पाहिलं. पिवळी रेघ होती. तिच्या कडेकडेनं चालत राहिले.

मोठं शहर पाहायला गेलं की मान आपोआप वर जाते, उंच इमारतींकडे. मला वाटतं, शिक्षकानं मान खाली घालून शहर पाहावं. तिथे सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा विचार केलेला दिसतो, नाहीतर केलेला नाही हे दिसतं.

जपानात सकाळी पहिलीतली मुलं दिसायची, पिवळ्या टोप्या आणि पाठीवर चौकोनी दप्तरं. आईबाप बरोबर नाहीत. रस्ता ओलांडताना एक हात उंच धरलेला. हे आपोआप होत नाही. शाळेला जायच्या वाटा ठरवून दिलेल्या असतात, मोठी माणसं चौकात झेंडी घेऊन उभी असतात. आणि संध्याकाळी, बहुतेक ठिकाणी पाचच्या सुमारास, वस्तीतल्या भोंग्यांवर एक साधी धून वाजते. मुलांनी घरी परतायची वेळ झाली. भूकंपात सूचना द्यायचे भोंगे तेच. रोज धून वाजली की ते चालू आहेत हेही कळतं. ती धून मनात ऐका. अख्ख्या वस्तीला एकदम सांगितलं जातं आहे, मुलं आता रस्त्यावर आहेत.

आणि इथेच मला दुसरं एक सांगायला हवं. याच देशात २०२३-२४ या वर्षात पहिली ते नववीची साडेतीन लाखांच्या आसपास मुलं तीस दिवस किंवा त्याहून अधिक शाळेत गेली नाहीत. आजारपण नाही, पैशांची अडचण नाही. पाऊलच उचललं जात नाही. रस्ता इतका नीट आखलेला, तरी शाळेच्या दारात मूल थबकतं. ही मुलं मला त्या लाद्यांइतकीच आठवतात. पायाला वाट करून देणं माणसाला जमलं. घाबरलेल्या, अबोल, सगळ्यांच्या तालात न बसणाऱ्या मुलाच्या मनाला हाताशी काय द्यायचं, हे तिथेही शोधणं चालू आहे आणि माझ्या वर्गातही.

तुमच्या ओळखीचं असं एक मूल समोर आणा. त्याला काही विचारू नका, समजावू नका. त्याच्या चालीनं त्याच्या शेजारी चाला. ते थांबलं की थांबा. वाटेल तितका वेळ घ्या.

आता आपल्या गावी या. रोजची एक वाट निवडा, घरापासून बसस्टॉपपर्यंतची किंवा भाजीबाजाराची. तीच वाट न दिसणाऱ्या माणसाच्या पायांनी चाला. कुठे पाऊल अडतं? उघडं गटार, मध्येच लावलेली दुचाकी, रेघ जिथे विजेच्या खांबाला जाऊन धडकते ती जागा. रागावू नका. जागा नीट लक्षात ठेवा.

माझी जागा शाळेच्या फाटकापासून जवळच आहे. येत्या शनिवारी सहावीची मुलं टेप आणि वही घेऊन तिथे येणार आहेत. मोजमाप घ्यायचं, नकाशा काढायचा, अर्ज लिहायचा. डोळ्यांवर रुमाल बांधून पहिलं कोण चालणार, आणि हात कोण धरणार, हे मुलं आपसांत ठरवत आहेत. वर्गात क्वचित बोलणारी एक मुलगी हात धरायला तयार आहे.