कादंबरीकाराचें न्यायासन

मृत माणसास आपली बाजू मांडतां येत नाहीं. म्हणून त्याच्यावर कादंबरी रचणारानें न्यायाधीशाची सावधगिरी बाळगावी, अशी अपेक्षा केल्यास ती अवास्तव ठरूं नये. ‘बाउंटी’ या इंग्रजी जहाजावरील बंडाविषयीं नॉर्डहॉफ व हॉल या लेखकद्वयानें १९३२ सालीं लिहिलेली कादंबरी या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. ती अतिशय रसाळ आहे. आणि अडचण तेथेंच आहे.

हकीकत प्रसिद्ध आहे. वेस्ट इंडीजमधील गुलामांस स्वस्त अन्न मिळावें म्हणून ताहितीहून नीरफणसाचीं रोपें नेणाऱ्या या जहाजावर २८ एप्रिल १७८९ रोजीं फ्लेचर ख्रिश्चन यानें बंड केलें, आणि कप्तान ब्लाय यास अठरा सोबत्यांसह तेवीस फुटी होडींत बसवून भर समुद्रांत सोडून दिलें. साडेतीन हजारांहून अधिक सागरी मैल तोडून ब्लायनें ती होडी तिमोरला पोंचविली.

कादंबरींतील ब्लाय हा क्रूरकर्मा आहे. १९३५ च्या चित्रपटानें तर, बंडखोरांच्या शोधास गेलेल्या ‘पँडोरा’ जहाजावरही त्यालाच कप्तान करून टाकलें! वास्तविक तो त्या जहाजावर नव्हताच. ग्रेग डेनिंग या इतिहासकारानें १९९२ सालीं फटक्यांचा हिशेब मांडून दाखविलें कीं, पॅसिफिकमध्यें गेलेल्या इतर कप्तानांच्या मानानें ब्लायनें चाबूक कमीच चालविला. त्याचा खरा दोष जिभेचा. बंडाच्या आदल्याच दिवशीं नारळांचा ढीग कमी दिसला, एवढ्यावरून त्यानें ख्रिश्चनसारख्या अधिकाऱ्यास सर्वांदेखत चोर ठरविलें.

मग प्रश्न असा उरतो कीं, केवळ अपमानासाठीं एकोणीस माणसांस मृत्यूच्या तोंडीं लोटणें समर्थनीय आहे काय? अपमान क्षुल्लक असतो असें मीं म्हणणार नाहीं. फेब्रुवारी १९४६ मध्यें मुंबईस नाविकांनीं जो उठाव केला, त्यांच्या गाऱ्हाण्यांत निकृष्ट अन्नाबरोबर अधिकाऱ्यांची शिवीगाळही होती. परंतु त्यांनीं कोणास होडींत बसवून समुद्रांत सोडलें नव्हतें. ‘बाउंटी’चा प्रश्न याहून अवघड आहे, आणि कादंबरी तो वाचकासमोर येऊंच देत नाहीं. कप्तान राक्षस ठरला कीं विचार करण्याचें कारणच उरत नाहीं. पुढें याच लेखकांनीं होडीच्या प्रवासावर दुसरी कादंबरी लिहून ब्लायच्या धैर्याचें चीज केलें, हें खरें. पण पहिलीनें उमटविलेला ठसा तिनें पुसला नाहीं.

याहूनही मला खटकतो तो निवेदक. बायम हें पात्र पीटर हेवूड या उमेदवार अधिकाऱ्यावरून घेतलें आहे. कादंबरींत ऐन वेळीं एक साक्षीदार परत येतो आणि बायम निर्दोष ठरतो. प्रत्यक्षांत १७९२ च्या लष्करी न्यायालयानें हेवूडला दोषीच ठरविलें होतें. न्यायालयानें दयेची शिफारस केली, घरच्यांनीं वजन खर्चिलें, आणि राजानें माफी दिली. माफीच्या जागीं निर्दोषता घालतांच वाचकाचें समाधान होतें, आणि माफी कोणाच्या वाट्यास येते हें पाहण्याचें राहून जातें. एलिसन, बर्किट आणि मिलवर्ड हे तिघे साधे खलाशी होते. त्यांना २९ ऑक्टोबर १७९२ रोजीं पोर्टस्मथच्या बंदरांत फांशीं देण्यांत आलें.