जॉन अँडरसन प्रत्यक्ष का ऐकावा

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या रसिकांमध्ये एक समज घट्ट रुजला आहे. खरी कृती रेकॉर्डवर असते आणि रंगमंचावर तिची जमेल तितकी हुबेहूब नक्कल होते, असा तो समज. या संगीताची घडणच त्याला खतपाणी घालते. पंधरा-वीस मिनिटांच्या रचना, मध्येच बदलणारे ताल, एकाच गळ्याचे एकावर एक चढवलेले थर हे सगळे स्टुडिओत बसून, पुन्हा पुन्हा ऐकून घडवलेले असते. त्यामुळे आवडत्या गायकाच्या कार्यक्रमाला गेलेला रसिक मनातल्या मनात रेकॉर्ड लावूनच बसतो आणि जिथे फरक पडेल तिथे गुण वजा करत जातो. ही परीक्षाच चुकीच्या पायावर उभी आहे, असे माझे म्हणणे आहे. निदान गायकाच्या बाबतीत तरी रेकॉर्ड हे मूळ आणि रंगमंच ही नक्कल, हा क्रम टिकत नाही. ते तपासण्यासाठी येस हा इंग्लिश बँड आणि त्याचा गायक जॉन अँडरसन यांच्याइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही.

‘क्लोज टू दि एज’ ही येसची रचना 1972 सालची. जवळजवळ 19 मिनिटांची आणि एलपीची एक अख्खी बाजू व्यापणारी. लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली, पण सलग वाजवून नव्हे. एक छोटा भाग बसवायचा, तो मुद्रित करायचा, मग पुढचा भाग हाती घ्यायचा, असे काम चाले आणि ध्वनिमुद्रक एडी ऑफर्ड फिती कापून ते भाग एकमेकांना जोडत असे. मधल्या भागात ऐकू येणारा भव्य ऑर्गन तर स्टुडिओतलाही नाही. बँडचा कीबोर्डवादक रिक वेकमनने तो लंडनमधल्या सेंट जाइल्स चर्चमध्ये वाजवला. आपण ज्याला मूळ कृती म्हणतो ती अशी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी झालेल्या तुकड्यांची जोडणी आहे. ती पुरी झाल्यावर स्वतः बँडलाच ही रचना सलग वाजवायला शिकावे लागले. त्यातच ड्रमवादक बिल ब्रुफर्ड किंग क्रिमसन या दुसऱ्या बँडमध्ये निघून गेला आणि त्याच्या जागी आलेल्या अ‍ॅलन व्हाइटला अवघ्या काही दिवसांत सगळे बसवून दौऱ्यावर निघावे लागले. 1973 च्या ‘येससाँग्ज’ या तीन रेकॉर्डींच्या संचात या दौऱ्याचे गाणे जपलेले आहे.

वादकांना सलग वाजवावे लागते तेव्हा स्मरणशक्ती आणि बोटे पणाला लागतात. गायकाच्या बाबतीत त्याहून अधिक काही घडते. अँडरसनचा आवाज जन्मतःच उंच पट्टीचा आहे. खोटा आवाज लावून तो वर जात नाही. सुरुवातीचा धुमसता भाग गायल्यावर त्याला मधल्या अतिशय संथ भागात उतरायचे असते. तिथे स्वर लांबवर धरायचे असतात, धाप लपवायला वाद्यांचा गदारोळ नसतो, आणि त्यानंतर शेवटी पुन्हा वर झेप घ्यायची असते. स्टुडिओत या टप्प्यांच्या मध्ये विश्रांती होती. रंगमंचावर मात्र शेवटच्या झेपेत आधीच्या सगळ्या मिनिटांचा थकवा आणि तापलेपणा मिसळलेला असतो. ही रचना म्हणजे एक आध्यात्मिक प्रवास आहे असे नेहमी सांगितले जाते. पण तो एका माणसाने पायी केलेला प्रवास असतो तो रंगमंचावरच. तेव्हा ही रचना ‘गायली’ जाते ती पहिल्यांदा इथे, असे म्हणायला मी कचरणार नाही.

यावर सर्वात जोरदार आक्षेप वयाचा आहे. गळा थकतो, मग रसिकाने पैसे मोजून ऱ्हास का ऐकावा? आक्षेप खोटा नाही. 2008 मध्ये अँडरसनला श्वसनाचा गंभीर त्रास झाला, नियोजित दौरा रद्द झाला, आणि येसने बेनुआ दाविद या गायकाला घेतले. तो आधी येसचीच गाणी गाणाऱ्या एका बँडमध्ये होता, म्हणजे रेकॉर्डबरहुकूम गाण्याची तालीम झालेला. पण 2012 मध्ये श्वसनाच्याच आजारामुळे त्यालाही थांबावे लागले आणि जॉन डेव्हिसन आला. यातून मला दिसते ते इतकेच की हुबेहूबपणाची हमी कोणताच गळा देऊ शकत नाही, तरुण गळासुद्धा नाही. जेनेसिस या बँडचा गायक फिल कॉलिन्सने 2021-22 च्या अखेरच्या दौऱ्यात खुर्चीवर बसून गाणी म्हटली, पट्टी उतरवून. एकेकाळी ज्या ड्रमवर त्याने नाव कमावले तिथे त्याचा मुलगा निक बसला होता. आवाजाची धार गेली होती, हे कबूल करायलाच हवे. तरी पट्टी उतरवणे यात लाज कसली? आपल्या मैफलीत गायक आपला षड्ज स्वतः ठरवतो आणि त्याबद्दल त्याचे गुण कोणी कापत नाही. लाजिरवाणे आहे ते लपवणे, आधी भरून ठेवलेला आवाज ‘आत्ताचा’ म्हणून खपवणे. उलट रॉक गायक रॉजर वॉटर्सने ‘द वॉल’ या अल्बमच्या 2010 ते 2013 च्या दौऱ्यात 1980 च्या चित्रफितीतल्या स्वतःला पडद्यावर आणले आणि त्याच्याबरोबर उघडपणे एक गाणे म्हटले. तिथे जुना आवाज वापरला गेला, पण फसवणूक झाली नाही. वयच त्या गाण्याचा विषय बनले.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. रचना सलग गाण्यातच सगळे असेल तर ती कोणीही समर्थ गायकाने गावी. आवडता गायकच कशाला हवा? डेव्हिसन चांगला गातो, आणि त्याला उपरा मानणाऱ्या चाहत्यांचे मला पटत नाही. फरक एवढाच की अँडरसनने या रचनेचे शब्द अर्थाइतकेच नादासाठी निवडलेले आहेत. स्वर कुठे उघडायचा, व्यंजन कुठे आपटायचे, हे त्याच्या तोंडाच्या मापाने ठरलेले आहे. दुसरा गायक ते निर्णय पाळतो. अँडरसन ते आज बदलू शकतो, आणि बदलण्याचा अधिकार त्याचा आहे. हा सगळा स्मरणरंजनाचा खेळ आहे, असेही म्हटले जाते. त्याला पीटर गॅब्रिएलने 2023 मध्ये उत्तर दिले. मे महिन्यात क्राकूवमध्ये सुरू झालेल्या त्याच्या दौऱ्यात जवळजवळ निम्मी गाणी डिसेंबरमध्ये येणाऱ्या ‘आय/ओ’ या अल्बममधली होती, आणि त्याच्या जुन्या बँडचे, जेनेसिसचे, एकही नव्हते. त्या नव्या गाण्यांतली कित्येक श्रोत्यांनी आधी ऐकलेलीच नव्हती. ताडून पाहायला रेकॉर्डच नाही म्हटल्यावर लोकांना गाणे ऐकावेच लागले.

अँडरसनचा जन्म 25 ऑक्टोबर 1944 चा. 2023 पासून तो द बँड गीक्स या संचाबरोबर अमेरिकेत येसच्या दीर्घ रचना गातो आहे, ‘क्लोज टू दि एज’ संपूर्ण. तिकडे राहणाऱ्या मराठी रसिकांना पुन्हा संधी मिळाली तर त्यांनी ती दवडू नये. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी स्टुडिओतली रेकॉर्ड थोडे दिवस बाजूला ठेवावी, आधी ‘येससाँग्ज’ लावावी, आणि मधल्या संथ भागात अँडरसनच्या श्वासाकडे लक्ष द्यावे.